वेतनवाढ आणि राहणीचा दर्जा : स्थलांतराच्या निर्णयाचे अर्थशास्त्र

केंद्र सरकारच्या सेवकांना मिळणाऱ्या घरभाडे भत्त्याच्या कोष्टकात भारतातील शहरांचे ‘एक्स’, ‘वाय’ आणि ‘झेड’ असे तीन वर्ग केलेले आहेत. मुंबई व पुणे ही पहिल्या वर्गात येतात. नागपूर, नाशिक, कोल्हापूर ही दुसऱ्या. आणि रत्नागिरीसारखी गावे तिसऱ्या. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून या वर्गांस मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के इतका भत्ता मिळू लागला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून हेच प्रमाण ३०, २० व १० टक्के झाले. दुसऱ्या बाजूस, महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्या आपल्या सेवकांना, ते तेथे असेपर्यंत, एक पायरी वरच्या पदाची वेतनश्रेणी देण्याचे ठरविले. व्यवहारात ती ‘एकस्तर’ या नावाने ओळखली जाते. म्हणजे मुंबईस जाणाऱ्याला अधिक पैसे मिळतात आणि गडचिरोलीस जाणाऱ्यालाही मिळतात. वरवर पाहता हे विसंगत वाटते. परंतु दोन्ही ठिकाणी शासन एकच गोष्ट करीत आहे : एखाद्या स्थळी राहण्याने माणसाचे जे उणे होते, त्याची पैशात किंमत ठरवीत आहे. हीच किंमत खासगी क्षेत्रात बाजार ठरवितो आणि घराघरांत कुटुंबे ठरवितात. ती कशी ठरते, आणि तिच्यात कोणाचा हिशेब राहून जातो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विचाराचे मूळ ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथात सापडते. निरनिराळ्या व्यवसायांत वेतन कमीअधिक का असते, याची त्याने जी पाच कारणे दिली, त्यांत कामाची सुखदता वा कष्टप्रदता हे पहिले असून कामाचे सातत्य हेही एक आहे. कष्टप्रद वा अनिश्चित कामासाठी अधिक वेतन द्यावे लागते. अधिक वेतन हे तेथे बक्षीस नसून भरपाई असते. व्यवसायांस लागू असलेला हा विचार स्थळांस लागू करण्याचे काम बऱ्याच उशिरा, शेर्विन रोझेन (१९७९) आणि जेनिफर रोबॅक (१९८२) यांच्या लेखनातून झाले. रोबॅक यांच्या मांडणीतील महत्त्वाची गोष्ट अशी की, स्थळाचा गुणदोष केवळ वेतनात उतरत नाही. तो वेतन आणि घरभाडे या दोहोंत विभागून उतरतो. कामगार जेथे आपले भले होईल तेथे जातो, कारखानदारही जेथे नफा होईल तेथे जातो, आणि जमीन मात्र जागची हलत नाही. या तिहींच्या ओढाताणीतून प्रत्येक गावाचे वेतन व भाडे निश्चित होते.

यातून स्थळ ओळखण्याच्या तीन खुणा मिळतात. वेतन अधिक आणि भाडेही अधिक असेल तर ते स्थळ उत्पादक समजावे : जमिनीसाठी इतके पैसे मोजूनही कारखानदार तेथे टिकतो, कारण तेथे त्याचे काम अधिक फलदायी होते. भाडे अधिक पण वेतन मात्र त्या मानाने कमी असेल तर ते स्थळ राहण्यास सुखकर समजावे. तेथील हवा, पाणी, शाळा यांसाठी लोक वेतनाचा काही भाग सोडून देत असतात. आणि वेतन अधिक, भाडे कमी, अशी स्थिती असेल तर ते स्थळ राहण्यास अवघड. मुंबई ही पहिल्या खुणेची, तर गडचिरोलीची शासकीय नोकरी तिसऱ्या खुणेची. पेन्शनरांचे गाव म्हणून पुण्याचा जो लौकिक होता तो दुसऱ्या खुणेचा. कारखाने आणि संगणक-व्यवसाय आल्यावर हे शहर पहिल्या खुणेकडे सरकले, आणि ‘एक्स’ वर्गात जाऊन बसले.

या मांडणीचा व्यावहारिक निष्कर्ष साधा असूनही वारंवार विसरला जातो. मोठ्या शहरातील वेतन आणि गावातील वेतन यांतील संपूर्ण फरक हा लाभ नव्हे. त्याचा मोठा अंश महाग घराची, गर्दीची व प्रवासाची आगाऊ दिलेली भरपाई असतो. ती भरपाई लाभ म्हणून मोजून ‘शहरात पैसा अधिक आहे’ असे म्हणणारा चुकतोच. परंतु उलट बाजूने, शहरातील गैरसोयी मोजताना त्यांच्यापोटी वेतनात आधीच काही मिळत आहे हे विसरणाराही तितकाच चुकतो.

अर्थात बाजारातील भरपाई सर्वांस सारखी असते आणि गैरसोय प्रत्येकाची निराळी असते. वेतन इतकेच वाढते की, जेणेकरून जावे की न जावे या काठावर असलेला माणूस जावयास तयार होईल. ज्याला गर्दीचे काहीच वाटत नाही त्याला ही भरपाई निव्वळ फायद्याची ठरते. ज्याचा जीव घरामागच्या परसात गुंतला आहे त्याला ती कधीच पुरत नाही. यास्तव एकाच नोकरीच्या एकाच पत्रावर दोन वर्गबंधूंनी निरनिराळी उत्तरे दिली, तर त्यांपैकी एक अविचारी आहे असे अनुमान काढण्याचे कारण नाही.

मुंबईच्या बाबतीत या सिद्धांताला आणखी एक मुरड घालावी लागते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. त्यामुळे जुन्या भाडेकरूस शहराचे उंच वेतन आणि गोठलेले भाडे असा दुहेरी लाभ मिळाला, आणि नव्याने येणाऱ्यास मात्र पागडी मोजल्यावाचून खोली मिळेना. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पागडीस कायदेशीर मान्यता दिली, इतकी ती रूढ झालेली होती. सिद्धांतात भाडे हे स्थळाच्या गुणदोषाचे माप असते. येथे ते माप एकाच इमारतीतील दोन शेजाऱ्यांना निरनिराळे लागले. स्थलांतराचा निर्णय घेणारा हा नेहमीच नवागत असतो, हे लक्षात घेता शहराची सरासरी महागाई पाहून त्याचे भागत नाही. त्याने नवागताची महागाई पाहिली पाहिजे.

आता नोकरीच्या भवितव्याकडे वळावयाचे. येथेही पहिल्या महिन्याचे वेतन फसवे असते. मायकेल टोडॅरो यांनी १९६९ मध्ये आणि जॉन हॅरिस यांच्यासह १९७० मध्ये असे दाखविले की, शहराकडे जाणारा मनुष्य तेथील वेतन पाहून निघत नाही, तर ते वेतन मिळण्याची संभाव्यता जमेस धरून निघतो. शहरात १०० रुपये मिळतात, पण काम मिळण्याची शक्यता दहांत सहा असेल, तर अपेक्षित वेतन ६० रुपयेच झाले. गावी ६० रुपये मिळत असतील तर दोन्ही पारडी सारखी. त्यांच्यासमोर आफ्रिकेतील शहरे होती. परंतु मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकाशी हीच संभाव्यता रोज सकाळी उभी असे. तिला ‘बदली’ म्हणत. कायम कामगार गैरहजर असेल तरच बदली कामगारास त्या दिवसाचे काम मिळे. ही भरती मुकादमाच्या मर्जीवर चाले. तिला काही शिस्त लावण्यासाठी १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. कचेरीत ज्या शब्दाने स्थान बदलते त्याच शब्दाने गिरणीत माणूस बदलत असे, हा मराठी भाषेतील योगायोग अर्थपूर्ण आहे. बदली म्हणून काही वर्षे काढली की कायम होता येईल, या आशेवर हजारो तरुण गावाहून येत. म्हणजे ते आजच्या वेतनासाठी नव्हे, तर रांगेतील जागेसाठी येत.

सुशिक्षितांच्या स्थलांतरात ही रांग निराळ्या रूपाने भेटते. एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापुरात स्वतःच्या घरात राहून दरमहा ४०,००० रुपये मिळविणाऱ्या एका अभियंत्यास मुंबईत ६५,००० रुपयांची नोकरी मिळते. तेथे घरभाडे २२,००० रुपये पडेल आणि रोज जाण्यायेण्यात तीन तास जातील. भाडे वजा जाता आधिक्य उरते ३,००० रुपये. महिन्याच्या २५ दिवसांचे प्रवासाचे तास होतात ७५. म्हणजे तो आपला एक तास ४० रुपयांस विकीत आहे. एवढ्यावर थांबले तर उत्तर उघड आहे. पण कोल्हापुरात वेतन दरसाल ४ टक्क्यांनी, मुंबईत ८ टक्क्यांनी आणि भाडे ६ टक्क्यांनी वाढते असे मानले, तर दहा वर्षांनी कोल्हापूरचे वेतन सुमारे ५९,२००, मुंबईचे १,४०,३०० आणि भाडे ३९,४०० होईल. आधिक्य ४१,७०० रुपयांवर जाईल. मुंबईतील वाढ ८ ऐवजी ५ टक्केच धरली, तर हेच आधिक्य ७,३०० रुपयांच्या आसपास राहील. वरचे आकडे कल्पित असले तरी त्यांतून दिसणारी गोष्ट कल्पित नाही : निर्णयाचा सारा भार वाढीच्या दरावर आहे, आणि तो दर कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेला नसतो. त्याविषयी अनुमान करताना एक प्रश्न उपयोगी पडतो. ही नोकरी गेली तर त्याच गावात दुसरी देणारे किती आहेत? मोठ्या शहराची खरी श्रीमंती पहिल्या नोकरीत नसून दुसऱ्या व तिसऱ्या नोकरीच्या शक्यतेत असते. ज्याच्या कौशल्याला एकच गिऱ्हाईक आहे, त्याला मात्र शहराच्या या श्रीमंतीचा उपयोग नाही.

प्रवासाच्या त्या ७५ तासांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात (२००८) असे आढळले की, ज्यांचा कामावर जाण्यायेण्याचा वेळ अधिक त्यांचे आयुष्याविषयीचे समाधान सरासरीने कमी. भरपाईचा सिद्धांत पूर्णपणे खरा असता तर अधिक वेतनाने वा चांगल्या घराने ही उणीव भरून निघावयास हवी होती. ती निघाली नाही. याचा एक संभाव्य अर्थ असा की, निर्णय घेताना मनुष्य वेतनाचा आकडा स्पष्ट पाहतो आणि प्रवासाचा शीण मात्र पुरेसा कल्पू शकत नाही. दुसरा संभाव्य अर्थ अधिक विचारात घेण्यासारखा आहे : वेतन घराला मिळते आणि शीण एका व्यक्तीला. समाधानाचा प्रश्न त्या व्यक्तीला विचारला, तर हिशेब जुळणार नाही. कदाचित तो घराच्या पातळीवर जुळत असेल.

येथून प्रश्नाचे रूपच पालटते. वरील सर्व सिद्धांत एकट्या माणसाचे आहेत. जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये कुटुंबाच्या स्थलांतराचा विचार मांडला तेव्हा दोन उपयुक्त कल्पना पुढे आल्या : एक, जो स्वतःच्या दृष्टीने गेला नसता पण कुटुंबाबरोबर गेला, असा बद्ध प्रवासी, आणि दुसरा, जो गेला असता पण कुटुंबासाठी राहिला, असा बद्ध रहिवासी. कुटुंबाचा एकूण लाभ वाढला तरी त्यातील एकाचा तोटा होऊ शकतो. नवऱ्याच्या बदलीमुळे आपली नोकरी सोडणारी शिक्षिका ही पहिल्या कल्पनेचे नित्य दिसणारे उदाहरण आहे. परंतु महाराष्ट्रात या दोहोंत न बसणारी एक तिसरी रीत शतकभर चालू होती. ती कोकणातील.

१८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. १९११ पर्यंत शहराच्या दर पाच रहिवाशांपैकी चार जण शहराबाहेर जन्मलेले होते, आणि गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील होते. (त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येई.) या कुटुंबांनी नोकरी आणि राहणी यांपैकी एकाची निवड केली नाही, त्यांनी दोहोंची फाळणी केली. पुरुष मुंबईस, घर गावी. नोकरी जेथे मिळते तेथून वेतन घ्यावयाचे, आणि जेथे जागा, पाणी, भात, नातीगोती आहेत तेथे मुले वाढवावयाची. दोहोंना जोडणारा धागा मनीऑर्डरचा. मुंबईतील पुरुषाने आपली राहणी अगदी किमान पातळीवर आणून ठेवली. एका गावचे पंधरावीस जण मिळून खोली घेत, पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलाव परिसरात गावोगावच्या नावाने चालविलेली ‘कूड’ हीही त्याच जातीची व्यवस्था. १९२० नंतर बांधल्या गेलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. आणि तीसुद्धा अनेकांना भाग्याची वाटे. सरासरी राहणीमानाचे कोणतेही कोष्टक या माणसास दरिद्री ठरवील. पण त्याच्या दृष्टीने तो मुंबईत राहतच नव्हता, तो तेथे फक्त कामाला होता.

या फाळणीत एक विमाही दडलेला होता. कैवान मुनशी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०१६ मध्ये असे प्रतिपादन केले की, भारतात खेडे आणि शहर यांच्या वेतनांत मोठी तफावत असूनही पुरुष कायमचे गाव सोडून जात नाहीत, याचे एक कारण गावातील जातभाईंचे परस्पर साह्य होय; जो जातो तो त्या साह्यास मुकण्याचा धोका पत्करतो. कोकणी कुटुंबाने पूर्ण न जाता हा धोका टाळला. त्याची कसोटी तीनदा लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. राहिलेल्यांना टिकविण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. भरपाईरूप वेतनाचे याहून उघड उदाहरण मुंबईच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो महिनोन्‌महिने लांबला तेव्हा ज्यांचे गावी घर होते ते गावी गेले. ज्यांनी सर्व बिऱ्हाड मुंबईस आणले होते त्यांना जाण्यास जागा उरली नव्हती. आणि मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा शहरे सोडून चालत निघालेल्या मजुरांच्या रांगा सर्व जगाने पाहिल्या. वेतनात न दिसणारी गावची किंमत तिन्ही वेळा एकदम दृष्टीस पडली.

मात्र या विम्याचा हप्ता कोण भरीत होते, हे विचारल्यावाचून कोकणच्या रीतीची वाखाणणी करणे योग्य होणार नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. हे दोन आकडे एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. गावी राहिलेल्या स्त्रीने शेत राखले, सासूसासऱ्यांचे केले, मुले वाढविली. तिच्या श्रमाची नोंद ना गिरणीच्या पगारपत्रकात होती ना मनीऑर्डरच्या पावतीवर. वर्षातून गणपतीस वा शिमग्यास येणारा नवरा हा तिच्या राहणीच्या दर्जाचा भाग होता, आणि त्याची अनुपस्थिती हा त्या दर्जातील घट. मुंबईतही जी स्त्री आली तिने पुष्कळदा दहाबारा गाववाल्यांचे डबे करून संसारास हातभार लावला. अशा खाणावळवाल्या स्त्रियांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली, तोपर्यंत त्यांचे काम हे काम म्हणून फारसे कोणी मोजलेही नव्हते. लॅरी स्यास्टॅड यांनी १९६२ मध्ये स्थलांतराचा खर्च मांडताना आप्तांपासून दुरावण्याच्या मानसिक खर्चाचा उल्लेख केला होता. परंतु त्यांच्या मांडणीत तो खर्च जाणाऱ्याचा आहे. न गेलेल्याचा तोच खर्च कोणत्या वहीत लिहावा, हा प्रश्न तेथे पडत नाही.

आज पदव्युत्तर शिक्षण संपवून नोकरीसाठी निघणाऱ्या तरुणाची स्थिती त्या बदली कामगारासारखी नाही, हे खरे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि अंतराची किंमत घटली. २०२० नंतर काही व्यवसायांत घरी राहून काम करण्याची सोय झाली. वेतन एका स्थळाचे आणि राहणी दुसऱ्या स्थळाची, ही जुनीच फाळणी आता एकाच माणसाला, घर न मोडता, करता येऊ लागली. तरीही प्रश्नाचा गाभा तोच आहे. नेमणूकपत्र एकाच्या नावाने येते. त्यातील वेतन, वाढ आणि पद यांची बेरीज करणे सोपे असते. पत्नीची सुटणारी नोकरी, मुलाची बदलणारी शाळा, गावी एकटे राहणारे आईवडील यांची बेरीज त्या पत्रात नसते, आणि ज्यांचा तो खर्च आहे त्यांना तो विचारलाही जात नाही. कुटुंबातील प्रत्येक जण हा निर्णय आपल्या वहीत कसा लिहील, हे निर्णयापूर्वी विचारणे ही भावुकता नसून हिशेबाची पूर्तता आहे.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, आणि सिंधुदुर्गाचीही घटली. शतकभर पुरुष जात राहिले तरी घर गावीच होते. आता बिऱ्हाडेही हलू लागली आहेत, याची ती एक खूण मानता येईल. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या कमी झाली, कारण बेटावरील महाग जागा सोडून माणसे उपनगरांकडे व त्यापलीकडे सरकत होती. संपात नोकरी गमावलेल्या गिरणीकामगारांसाठी गिरण्यांच्या जमिनींवर बांधलेल्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. ज्यांना घर लागले त्यांच्यापैकी पुष्कळांचे कामाचे वय तोवर सरून गेले होते, आणि काहींच्या वतीने कागदपत्रे घेऊन त्यांच्या विधवा आल्या होत्या.